नाक चोंदलंय आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही चालू आहेत? नाकाचा स्प्रे असा निवडा

थंडी पडली की मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी सतत कानावर येते : "नाक लगेच मोकळं होईल असा स्प्रे द्या." मागणाऱ्याला बीपी आहे का, डोळ्यांत काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, हे दुकानदार सहसा विचारत नाही आणि गिऱ्हाईकही आपणहून सांगत नाही. नाकातच तर मारायचंय, पोटात थोडंच जातंय, असा दोघांचाही समज. प्रत्यक्षात नाकाच्या आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं. तिथून औषधाचा काही भाग थेट रक्तात शिरतो आणि उरलेला घशातून पोटात उतरतो.

त्यात लोकांची भीती नेमकी उलट्या जागी आहे. बीपीचा रुग्ण पाच मिनिटांत नाक उघडणारा स्प्रे बिनधास्त घेऊन जातो, कारण तो चिठ्ठीशिवाय मिळतो आणि जाहिरातीत दिसतो. डॉक्टरांनी लिहिलेला दुसरा स्प्रे मात्र "यात स्टेरॉइड आहे म्हणे" असं ऐकून कपाटात पडून राहतो. जुनाट आजार असलेल्या बहुतेकांसाठी पहिला जपून वापरायचा असतो आणि दुसऱ्याला एवढं घाबरायचं कारण नसतं. हा उलटा हिशेब सुलट कसा करायचा, ते पायरीपायरीने बघू. औषध ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच. पण त्यांना काय सांगायचं आणि दुकानात काय वाचायचं, हे आपल्या हातात आहे.

पायरी १ : आधी यादी करा

मोबाइलमध्ये एक नोंद करून ठेवा. आजारांच्या खाली बीपी, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइड (वाढलेला की कमी, तेही), काचबिंदू, प्रोस्टेट, दमा, किडनी, पूर्वी झालेला टीबी, यांतलं जे असेल ते. मग औषधं.

घोळ होतो तो औषधांच्या यादीत. डोळ्यांचे थेंब हे 'औषध' आहे, असं कुणाच्या मनातच येत नाही. तसंच पाय जळजळतात म्हणून मधुमेहींना रात्री दिलेली छोटीशी गोळी. ती बऱ्याचदा अमिट्रिप्टिलिन असते आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधांशी तिचं पटत नाही. दोन्ही मिळून बीपी आणि ठोके वाढवू शकतात. पार्किन्सनसाठीचं सेलेजिलिन किंवा रसाजिलिन, आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड, यांचंही तेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन) तर ती ठळक लिहा.

आणखी एक शक्यता तपासा : नाक चोंदायचं कारण या यादीतच दडलेलं असू शकतं. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने काहींचं नाक बंद होतं. बीपीच्या प्रॅझोसिनसारख्या गोळ्यांनीही. नवी गोळी सुरू झाली आणि दोनेक आठवड्यांत नाक भरायला लागलं, असं जुळत असेल तर स्प्रे शोधण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गोळी मनानं मात्र बंद करू नका.

पायरी २ : नाकाला नेमकं काय होतंय?

'सर्दी' या एका शब्दात आपण सगळं कोंबतो. नाक चोंदतं, पाण्यासारखं गळतं, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, की आत कोरडं पडून खपल्या धरतात? शिंका, खाज आणि गळणं असेल तर ॲलर्जीचा संशय. पुण्याकडे काँग्रेस गवत फुलतं तेव्हा, किंवा दिवाळीच्या आधी माळे साफ करताना, हे बरोबर लक्षात येतं. ताप-अंगदुखीसकट आलेलं पडसं आठवडाभरात आपोआप ओसरतं. आणि "नाकाचं हाड वाढलंय" असं जे सर्रास म्हटलं जातं, ते बहुधा हाड नसून ॲलर्जीने सुजलेलं आतलं मांस असतं. त्यावर स्प्रेचा उपयोग होतो.

काही वेळा मात्र स्प्रेच्या भानगडीत पडायचंच नाही. कायम एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येतंय, वास येणं अचानक गेलंय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आणि शुगर जास्त असलेल्या माणसाचा गाल किंवा डोळ्याभोवतीचा भाग दुखतोय, सुजलाय, बधिर वाटतोय, एकाचे दोन दिसतायत, नाकातून काळपट घाण येतेय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा तडाखा पाहिला आहे. तिथे तासांनी फरक पडतो.

पायरी ३ : ब्रँड सोडा, आतलं औषध वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत घटक. वाचायचं ते मुंगीचं. एकाच ब्रँडच्या नावाखाली रक्तवाहिन्या आवळणारं औषधही मिळतं आणि नुसतं मिठाचं पाणीही. ओट्रिव्हिन हे सहज सापडणारं उदाहरण. त्यामुळे "तोच द्या, मागच्या वेळी नेला होता" हे वाक्य धोक्याचं. चष्मा नसेल तर खोक्याचा फोटो काढा आणि मोठा करून बघा.

*मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन स्प्रे.* घटकात फक्त सोडियम क्लोराइड, साधारण ०.६५ ते ०.९ टक्के. सुरुवात नेहमी इथून. बीपीवाले विचारतात, "मीठ बंद सांगितलंय, चालेल ना?" चालेल. एका फवाऱ्यात सुमारे ०.१ मिली पाणी धरलं, तर ०.६५ टक्क्यांच्या हिशेबाने पाऊण मिलिग्रॅमही मीठ होत नाही. दिवसाला वीस फवारे मारले तरी १३ मिलिग्रॅम. जेवणातल्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे ५००० मिलिग्रॅम आहे. लोणच्याची एक फोड याहून कितीतरी खारट. याने नाक धडाक्यात उघडत नाही, पण शेंबूड सैल होतो, धूळ-परागकण धुऊन जातात, आणि दुसऱ्या कुठल्याही औषधाशी याचं भांडण नाही.

*नाक लगेच उघडणारे.* ऑक्सिमेटाझोलिन (नॅसिव्हिऑनमध्ये असतं ते), झायलोमेटाझोलिन, नॅफॅझोलिन. नावाच्या शेवटी 'झोलिन' दिसलं की थांबा. हे औषध सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि माणूस खूश होतो. पण आवळण्याचं काम नाकापुरतं राहीलच, याची खात्री नाही. थोडा भाग रक्तात गेला तर शरीरातल्या इतर रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. धडधड, बीपीत वाढ, झोप उडणं हे त्यातलंच.

दुसरी अडचण निरोगी माणसालाही चुकत नाही. तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरलं की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा स्प्रे, पुन्हा चोंदणं. दर पंधरा दिवसांनी नवी बाटली नेणारे काका प्रत्येक दुकानाच्या ओळखीचे असतात. त्यांना वाटतं सर्दी हटत नाही. खरं तर सर्दी कधीच गेलेली असते, आता नाक बंद करतोय तो स्प्रेच.

*स्टेरॉइडचे.* फ्लुटिकासोन (फ्लोमिस्ट), मोमेटासोन (मेटास्प्रे), ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन. नावाला घाबरण्याआधी मात्रा बघा. मोठ्या माणसाची नेहमीची सुरुवातीची मात्रा म्हणजे प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट किंवा मोमेटासोनचे मिळून २०० मायक्रोग्रॅम. त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग रक्तात पोचतो, म्हणजे चारेक मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. दोन्हींची ताकद सारखी नाही हे धरूनसुद्धा अंतर केवढं आहे ते कळतं. ब्युडेसोनाइड आणि बेक्लोमेथासोन यांचा रक्तात जाणारा वाटा बराच जास्त असतो. म्हणून मधुमेह किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर बऱ्याचदा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनकडे वळतात.

याची खोड एकच : हा सावकाश काम करतो. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि रोज मारावा लागतो. तिसऱ्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांचा स्प्रे फुकट जातो.

*ॲलर्जी दाबणारे.* ॲझेलास्टिन पंधरा मिनिटांच्या आसपास काम सुरू करतं, बीपीला धक्का लावत नाही. चव मात्र कडूजहर, आणि काहींना झोप येते. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी पहिला डोस रात्री घेऊन बघावा. डुओनेझसारख्या काही बाटल्यांत ॲझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असतं.

इप्राट्रोपियमचा स्प्रे फक्त गळतं नाक थांबवतो. तो अमेरिकेत चिठ्ठीवर मिळतो. काचबिंदू आणि प्रोस्टेटवाल्यांनी त्यापासून सावध राहायचं.

पायरी ४ : आपल्या आजाराशी जुळवून बघा

बीपी आणि हृदय. 'झोलिन' मंडळी टाळलेली बरी. बीपी नीट आटोक्यात असेल तर एखाद्या रात्री एक-दोन फवाऱ्यांनी बहुतेकांना काही होत नाही, आणि डॉक्टर कधीकधी दोन-तीन दिवसांची परवानगी देतातही. पण बीपी वर-खाली होत असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, ठोक्यांची अनियमितता असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका. परवानगी मिळालीच तर घरच्या मशीनवर स्प्रेच्या आधी आणि तासाभराने मोजून आकडे लिहून ठेवा.

सर्दीच्या गोळ्यांची गोष्ट इथेच. बऱ्याच तयार गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, तेही रक्तवाहिन्या आवळणारं. गोळी आणि 'झोलिन' स्प्रे एकत्र घेतला की त्याच कामाची दोन औषधं अंगात गेली. बरं, पोटातून घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने नाक उघडतं का? अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये 'नाही' असाच निर्वाळा दिला. फायदा नाही आणि बीपीवाल्याला टांगती तलवार; अशी गोळी माझ्या मते घरात नसलेलीच चांगली.

मधुमेह. सलाइन बिनघोर. फ्लुटिकासोन-मोमेटासोन नेहमीच्या मात्रेत साखरेवर सहसा परिणाम करत नाहीत. सुरुवातीचे दोन आठवडे ग्लुकोमीटरने जरा जास्त वेळा बघा म्हणजे मनाला शांती. 'झोलिन'च्या खोक्यावर मधुमेहींसाठी सूचना छापलेली असते, ती मनावर घ्या, कारण बऱ्याच मधुमेहींना बीपी आणि हृदयाचा त्रासही जोडीला असतो.

काचबिंदू. कोणत्या प्रकारचा, ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. अरुंद कोनाचा असेल तर 'झोलिन' आणि इप्राट्रोपियम दोन्ही धोक्याची, डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड स्प्रे चालू शकतो. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवून आणि दाब मोजत राहून. महिनोन्महिने स्टेरॉइड स्प्रे घेणाऱ्या कुणीही वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत, मोतीबिंदूच्या दृष्टीनेही.

प्रोस्टेट. 'झोलिन' मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळू शकतं. आधीच धार बारीक झालेल्या आजोबांची लघवी रात्रीतून पूर्ण अडू शकते. टॅम्सुलोसिन नेमकं उलट काम करण्यासाठी दिलेलं असतं, हे लक्षात घ्या. वाढलेला थायरॉइड असेल तर धडधड आधीच असते, तीत भर नको.

रक्त पातळ करणारी औषधं. स्टेरॉइड स्प्रेने नाक कोरडं पडून घोळणा फुटण्याचा त्रास कोणालाही होतो, यांना जास्त. दिवसातून दोन-तीनदा सलाइन आणि स्प्रे मारायची योग्य दिशा (पुढच्या पायरीत) यांनी तो बराच टळतो. घोळणा फुटलाच तर डोकं मागे टाकू नका. पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, दहा ते पंधरा मिनिटं मध्येच न सोडता दाबून ठेवा, तोंडाने श्वास घ्या. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. तरी थांबलं नाही तर रुग्णालयात.

दमा असलेल्यांना स्टेरॉइड स्प्रेचा फायदाच होतो, नाक शांत राहिलं की छातीही शांत राहते. छातीचा पंप चालू असेल तर तोही सांगा, म्हणजे स्टेरॉइडची एकूण बेरीज डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर राहील. टीबी होऊन गेला असेल किंवा चालू असेल, किंवा नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल, तर स्टेरॉइड स्प्रेआधी विचारा.

आणि एक सहज निसटणारी जोडी : गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल घेणारे आपल्याकडे खूप आहेत. हे औषध यकृतात स्टेरॉइडचा निचरा अडवतं. त्यामुळे फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड अंगात साठत जातं. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरचंही तसंच, आणि तिथे तर चेहरा सुजणं, साखर चढणं असे ठळक परिणाम दिसलेले आहेत. त्वचेचे डॉक्टर वेगळे आणि नाकाचे वेगळे असले की ही जोडी कुणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून ती पहिल्या पायरीतली यादी दोघांनाही दाखवा.

पायरी ५ : मारायची पद्धत

बरेच दुष्परिणाम चुकीच्या पद्धतीने होतात. नाक हलकेच शिंकरून घ्या. सलाइन आणि औषधी स्प्रे दोन्ही असतील तर आधी सलाइन, मग दहा-पंधरा मिनिटांनी औषध. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हवेत चार-सहा फवारे मारा, बारीक धुकं यायला लागेपर्यंत.

आता मान किंचित खाली, आरशात बघत असल्यासारखी वर नको. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. हात असा उलटा घेतला की नळीचं टोक आपसूक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसायला नको. रोज तिथेच बसला तर पडदा सोलवटतो, रक्त येतं, क्वचित भोकही पडतं. दाबताना हळू श्वास आत घ्या. जोरात ओढलात तर औषध घशात गेलंच समजा. ॲझेलास्टिन असेल तर जीभ लगेच सांगेल. नंतर टोक पुसून झाकण लावा. पुढची दहा मिनिटं शिंकरू नका.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार फवाऱ्यांनी महिना जाते. दीड महिना झाला तरी संपत नसेल, तर फवारे चुकतायत. एक बाटली एकाच माणसाची. नवरा-बायकोतही वाटून नाही.

जलनेती करणाऱ्यांसाठी एवढंच : नळाचं पाणी थेट नाकात नको. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या वाचल्या असतीलच. तो नाकावाटेच आत जातो. उकळून निववलेलं पाणी आणि स्वच्छ भांडं, यात तडजोड नाही.

पायरी ६ : 'झोलिन'ची सवय लागली असेल तर

लाज वाटण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना खरा आकडा सांगा : किती महिने, दिवसातून किती वेळा. बऱ्याचदा स्टेरॉइड स्प्रे आधी सुरू करतात आणि मग 'झोलिन' एका नाकपुडीत बंद करतात, दुसरीत चालू ठेवतात. म्हणजे रात्री एका बाजूने तरी श्वास घेता येतो. ती बाजू मोकळी झाली की दुसरी. पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधीच माहीत असू द्या. उशी उंच घ्या, सलाइनचा हात सोडू नका. घरच्यांनीही "एकदा मार आणि झोप" असा आग्रह करू नये.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईबाबांसाठी

न्यू जर्सीला एप्रिलमध्ये पोचलं की झाडांच्या परागकणांनी नाक धरतंच. तिथल्या दुकानात अफ्रिन दिसेल, ते ऑक्सिमेटाझोलिन. व्हिक्सचं साइनेक्स ओळखीच्या नावामुळे हातात येतं, त्याच्याही खोक्यावर तेच नाव सापडेल. फ्लोनेज म्हणजे फ्लुटिकासोन. तिथे चिठ्ठीशिवाय मिळतं. जाण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून आपल्याला चालणाऱ्या औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ते तिथल्या फार्मसिस्टला दाखवा. सुनेने प्रेमाने आणून दिलेली बाटलीही आधी उलटी करून वाचायची.

घरात ठेवताना

'झोलिन'ची अर्धी राहिलेली बाटली उशीखाली, टीव्हीच्या शेजारी पडलेली असते आणि घरात नातवंडं असतात. लहान मुलाने यातलं एक-दोन मिली गिळलं तरी ते गुंगीत जाऊ शकतं, ठोके आणि श्वास मंदावू शकतात. अमेरिकेच्या नियामकाने २०१२ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. बाटली वरच्या कपाटात, नको असेल तर टाकून द्या. मुलाने तोंडाला लावलेली दिसली तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता बाटली हातात घेऊन मुलासकट रुग्णालयात जा.